गॅदरिंग, ड्रेपरी आणि स्टेजवरची पोरं : तुमचे अनुभव लिहा

खडूफळा :
डिसेंबर लागला की आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नसतो. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला मराठी शिकवते आणि सांस्कृतिक विभाग दरवर्षी माझ्याच गळ्यात, कारण म्हणे मॅडमना आवड आहे. आवड आहेच हो, पण हल्ली नाच बसवण्यापेक्षा नाही म्हणण्यातच जास्त वेळ जातो. यंदा सातवीच्या मुलींनी रील्सवरचं एक आयटम साँग निवडलं, पालकांनी वर्गणी काढून डान्स क्लासचा एक दादा आणला, त्याने बसवलेल्या स्टेप बघून मी म्हटलं गाणं बदला, तर एक आई म्हणाल्या मॅडम तुमचे विचार फार जुने आहेत, टीव्हीवर याहून लहान पोरं काय काय करतात. बरं गाणं राहिलं बाजूला, रंगीत तालमीला ड्रेपरी, म्हणजे नाचाचे भाड्याचे कपडे, आली, ब्लाउज सगळे मोठ्यांच्या मापाचे, गळे मागून हे एवढे खोल, त्यातल्या एका मुलीने सगळा नाच एका हाताने केला आणि दुसरा हात गळ्याशी. बाकीच्या हसल्या, दादा ओरडला हात सोड म्हणून. ती काही सोडेना.

शिक्षकांनी काय घालायचं हे शासनाने मार्च 2024 मध्ये लिहून दिलंय, बाईंनी साडी नाहीतर सलवार-चुडीदार-कुर्ता दुपट्ट्यासकट, सरांनी शर्ट इन केलेला, जीन्स-टीशर्ट बंद. आणि सातवीतल्या मुलीने अख्ख्या गावासमोर काय घालायचं ते ठरवतो ड्रेपरीवाला, त्याच्याकडे शिल्लक असेल ते.

तर शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी सगळ्यांनी लिहा. स्टेजवरचं, स्टेजमागचं, प्रेक्षकातलं, मानाचं अपमानाचं काहीही. शाळेचं नाव मात्र नको.

तांबडीमाती :
मॅडम, आमची जिल्हा परिषदेची शाळा, गॅदरिंग रात्री, देवळासमोरच्या पटांगणात, अख्खा गाव खाली बसलेला. आमच्याकडे खरा प्रश्न कपड्यांचा नाहीये, बक्षिसांचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोरांचा नाच चालू असताना गावकरी पन्नास-शंभराच्या नोटा देतात आणि आम्ही माईकवरून नाव पुकारतो, "अमुक तमुक पाटील यांच्याकडून एकशे एक रुपये, शाळा आपली आभारी आहे". याच पैशातून आमचा टीव्ही आला, वॉटर फिल्टर आला, त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांनी आधी शाळेची ग्रँट किती येते ते बघावं. पण चौथी-पाचवीच्या मुलींची लावणी सुरू झाली आणि एकजण झोकांड्या खात स्टेजवर चढला, नोट हातात नाचवत, पोरगी मागे सरकतीये हा पुढे. खाली शिट्ट्या. पोरीचा बाप खालीच बसलेला, तो उठला आणि मग पुढचं काही विचारू नका.

तेव्हापासून हेडमास्तरांनी नियम केलाय. स्टेजच्या बाजूला टेबल, पावतीपुस्तक, पैसे तिथेच द्यायचे, नाव नाच संपल्यावर एकदाच पुकारणार, आणि स्टेजवर शिक्षक सोडून कुणी पाय ठेवायचा नाही, सरपंच असला तरी. पहिल्या वर्षी जमा कमी झाली, लोक तोंडावर म्हणाले मजा गेली राव. नंतर भरून निघाली. गंमत म्हणजे आता जास्त बक्षिसं पोरांच्या लेझमाला पडतात.

रातराणी :
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मला नववीत कोळीनृत्यातून काढलं होतं. कारण सांगितलं ते असं की तू आता मोठी दिसतेस, बरं दिसत नाही. मी वर्गातल्या बाकी मुलींपेक्षा लवकर वाढले एवढाच माझा गुन्हा. नाच पाचवीपासून मीच बसवत होते, गाणी मी शोधायची, फेर मी ठरवायचे. बाईंनी मला सूत्रसंचालन दिलं, पोडियमच्या मागे उभं राहायचं, ओढणीला दोन्हीकडून पिना. मागच्या वर्षी ज्या मुलांनी शिट्या मारल्या होत्या ते यंदाही तिथेच, त्याच रांगेत. त्यांना कुणी हलवलं नाही. लोक म्हणतात बाईंनी तुझ्या भल्यासाठीच केलं असेल. असेल. मी त्यानंतर कधी नाचले नाही, लग्नात हळदीलासुद्धा नाही. त्यामुळे शालीनता हा शब्द ऐकला की माझं डोकं सटकतं, सॉरी.

खडूफळा :
@रातराणी सॉरी कशाला, हेच लिहायला बोलावलंय. आमच्याकडेही गेल्या वर्षी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सुचवलं की मोठ्या मुलींचे नाचच बंद करा, म्हणजे कटकट नको. मी दहावी ब ची सगळी शिट्टी गँग उचलून पहिल्या रांगेत हेडमास्तरांच्या शेजारी बसवली. तीन तास हूं नाही की चूं नाही.

कृष्णाकाठ :
लावणीला उगाच बदनाम करू नका एवढंच सांगायला आलो. मी वाईचा. आमच्या यमुनाबाई वाईकरांना 2012 ला पद्मश्री मिळाली ती काय अंग दाखवून नाही. बैठकीची लावणी म्हणजे अंगभर नऊवारी, डोक्यावरून पदर, बसल्या जागी नुसती अदा आणि गळा. पेशवाईतल्या रामजोशींनी उपदेशाच्या, अध्यात्माच्याही लावण्या रचल्यात. शाळेत जे चालतं ते सिनेमातलं गाणं असतं आणि ती शिवलेली नऊवारी असते, इलॅस्टिकची, पायजम्यासारखी चढवायची, घोळ नाही काही नाही, टाचेपासून पोटरीपर्यंत उघडं. नऊ वर्षाच्या पोरीला कुठला शृंगार कळणार आणि का कळावा? तिला डोळा मारायला शिकवतो तो मोठा माणूस, आणि टाळ्या पण मोठीच माणसं वाजवतात. लहान मुलांना मंगळागौरीचे खेळ द्या, फुगड्या द्या, दमसास लागतो त्याला, बघणाऱ्यांनाही कंटाळा येत नाही.

मांडवीकाठ :
आमच्या गोव्यात उलटी मजा. देखणी नावाचा आमचा लोकनाच प्रत्येक शाळेत असतो, पाहुण्यांसमोर हमखास. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं कलावंतिणीचं आहे, तिला नदीपलीकडे लग्नात नाचायला जायचंय आणि नावाडी न्यायला तयार नाही म्हणून ती अंगावरचे दागिने काढून द्यायला निघते. पिढ्यानपिढ्या शाळेतल्या मुली हे नाचतायत, नन्सच्या शाळेत पण, कुणाला काही वाटत नाही. कारण साडी घोट्यापर्यंत आणि चाल संथ. म्हणजे शब्द कुणी ऐकतच नाही, फक्त कंबर बघतात असं म्हणायचं का?

दोन मुलींचा बाप :
टीव्हीवर पोरं काय काय करतात म्हणणाऱ्या त्या आईंना सांगा, जून 2019 मध्ये केंद्राच्या माहिती प्रसारण मंत्रालयानेच खासगी चॅनेलना सूचना पाठवली होती, की सिनेमात मोठ्यांनी केलेले नाच रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांकडून अशोभनीय पद्धतीने करून घेऊ नका. टीव्हीलाच जे करू नका म्हणून सांगितलंय त्याचा दाखला शाळेत कशाला.

माझा अनुभव मोबाईलचा आहे. मोठीचा सहावीतला नाच शाळेच्या फोटोग्राफरने शूट केला, आम्ही पैसे देऊन पेनड्राइव्ह घेतला, विषय संपला असं वाटलं. चार महिन्यांनी ऑफिसातल्या एकाने दाखवलं की तुझी मुलगी यूट्यूबवर आहे. फोटोग्राफरने स्वतःच्या चॅनेलवर टाकलेलं, वर थंबनेल असं निवडलेलं की पोरगी गिरकी घेतेय आणि परकर उडालाय तेवढीच फ्रेम. दीड मिनिटाच्या नाचातली तेवढीच एक. खालच्या कमेंट मी इथे लिहिणार नाही. शाळेत गेलो तर उत्तर, साहेब तुम्हीच नाचायला परवानगी दिली होती ना. नाचायला दिली होती, ही फ्रेम निवडायला नव्हती दिली. व्हिडिओ उतरवला शेवटी, पण त्यासाठी मला लेखी अर्ज द्यावा लागला आणि सखी सावित्री समितीचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या समितीचं, नाव काढावं लागलं. तोवर समिती भिंतीवरच्या बोर्डावर होती, तिची बैठक झालेली मला तरी ठाऊक नाही. आता शाळेत फोटोग्राफरकडून लिहून घेतात आणि पालकांना मोबाईल घेऊन स्टेजच्या पुढे येऊ देत नाहीत. त्यावरूनही भांडणं होतात ती वेगळीच.

सुईदोरा :
मी ब्लाउज शिवते, दोन शाळांचं गॅदरिंगचं काम येतं म्हणून सांगते. ड्रेपरी आणा पण आठ दिवस आधी आणा, आदल्या दिवशी नाही. मागच्या नाडीवर भरवसा ठेवू नका, आतून हूक लावून घ्या, खांद्याला टेप, आत लेगिंग आणि बंद गळ्याची स्लिप. मुलींना उड्या मारून, वाकून, हात वर करून दाखवायला सांगा, आरशासमोर नुसतं उभं करून काही कळत नाही. आणि कपडे बदलायला वर्गाच्या खिडक्यांना चादरी नीट लावा हो, एका शाळेत तर पाचवीच्या मुली बाकामागे बसून बदलत होत्या आणि मांडववाला त्याच वर्गातून खुर्च्या नेत होता.

मागचाबाक :
शेलापागोटे कुणाला आठवतात का? फिशपाँड म्हणायचे आमच्यात. व्हरांड्यात खोका ठेवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, गॅदरिंगला सर माईकवरून वाचायचे. जाड मुलगा, सावळी मुलगी, तोतरे सर, सगळ्यांची रेवडी. नव्याने लागलेल्या एका बाईंवर असली चिठ्ठी आली की त्या स्टेजवरून उतरून सरळ घरी गेल्या. कपडे सगळ्यांचे अंगभर होते बरं का त्या दिवशी. पुढे एका सरांनी आदल्या रात्री सगळ्या चिठ्ठ्या वाचून अर्ध्या फाडायला सुरुवात केली, तर उरलेल्यांना काही धार राहिली नाही आणि फिशपाँडच बंद पडले.

तारपा :
पाहुण्यांच्या स्वागताचं कुणी लिहिलं नाही अजून. आमदार येणार म्हणून आठवी-नववीच्या मुली साड्या नेसून, हातात औक्षणाची ताटं घेऊन गेटवर सकाळी नवापासून. पाहुणे आले साडेबाराला. एक मुलगी चक्कर येऊन पडली तर तिच्या जागी दुसरी उभी केली. मुलगे कधीच का नसतात हो ताट घेऊन?

पण मी लिहायला आलो ते वेगळंच. मी डहाणूकडचा, वारली. बीएडला असताना शहरातल्या एका मोठ्या शाळेत सरावपाठासाठी होतो, तिथे गॅदरिंगला "आदिवासी नृत्य". पोरांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला अशोकाची पानं, गळ्यात प्लास्टिकची हाडं, हातात भाले, आणि झिंगालाला हुर्र हुर्र करत उड्या. प्रेक्षक हसून हसून लोळतायत. शेजारचे सर मला म्हणाले, बघा तुमच्याकडचं ठेवलंय खास. मनापासून म्हणाले, चिडवायला नाही, तेच जास्त लागलं. आमच्या बायका लुगडं नेसतात, आणि आमच्यात असं कुणी भाले घेऊन नाचत नाही. तारपा वाजवणारा मधे असतो, सुकलेल्या दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य, आणि बायापुरुष हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, तो वळेल तसा फेर वळतो. तारप्याकडे पाठ करत नाहीत. इतका साधा आणि इतका मानाचा नाच आहे तो.

मी तेव्हा प्राचार्यांना भेटून हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा पाजला, म्हणाल्या पुढच्या वेळी बघू. दोन-तीन वर्षं काहीच नाही. यंदा 26 जानेवारीसाठी त्याच शाळेतून फोन आला, तारपा वाजवणारा मिळेल का, मुलांना शिकवायला पण येईल का. आमचे मामा वाजवतात. मी म्हटलं मिळेल की, पण मानधन किती आणि येण्याजाण्याची गाडी कोण देणार ते आधी ठरवा, नुसती शाल-श्रीफळ नको. बघू काय कळवतायत.