डोके चिकटवलेला टॉर्च आणि वॉरंटीची अट

केळीबाग (रावेर)

‘ज्याला टॉर्च उघडायची हौस आहे त्याने वॉरंटी विसरावी, डोक्याचे (काचेकडच्या टोकाचे) आटे गोंदाने पक्के करतात ते पाणी शिरू नये म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच भल्यासाठी’ असे भुसावळच्या भाऊंनी काल इथे लिहिले. ते वाचून मला राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

पाणी गोंद अडवत नाही, ओ-रिंग (आट्यांशी बसवलेली रबरी रिंग) अडवते. त्याच टॉर्चची शेपटी आपण सेल बदलताना सतत उघडतो. तिथे रबरी रिंग आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात यांपलीकडे काही नसते, तरीही खोक्यावर आयपीएक्स८, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालेल, असे छापलेले असते. शेपटीला जे पुरते ते डोक्याला का पुरू नये? कॉन्व्हॉय एस२+ सारखा टॉर्च डोके न चिकटवता वर्षानुवर्षे विकला जात आहेच.

शिवाय डोके उघडणे ही माझी हौस नाही. शेतीची थ्री-फेज वीज आमच्याकडे पाळीने रात्री येते, आणि ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला केळीच्या बागेत जावेच लागते. पायाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो आणि त्यात घोणस बसलेली असू शकते. कंपनीने बसवलेला साडेसहा हजार केल्विनचा (केल्विन जितके जास्त तितका उजेड निळसर), सत्तर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी माप) एमिटर, म्हणजे उजेड देणारा एलईडी, ल्युमेन (एकूण उजेड) भरपूर देतो, पण त्याच्या निळसर उजेडात तपकिरी पान आणि तपकिरी साप एकाच राखाडी रंगाचे दिसतात. मी साडेचार हजार केल्विनचा, नव्वदीच्या पुढच्या सीआरआयचा निचिया ५१९ए एमिटर बसवला, तेव्हा घोणशीच्या पाठीवरचे ठिपके पानांपासून सुटे दिसू लागले. ल्युमेन कमी झाले, ते मला चालतात.

आता वॉरंटीविषयी. माझ्या दुसऱ्या एका टॉर्चचा शेपटीकडचा स्विच मुदतीतच बिघडला. स्वखर्चाने कुरिअर करून तो परराज्यात पाठवला, तर डोक्यावर पान्याचा ओरखडा आहे एवढ्या कारणावरून दुरुस्ती नाकारली गेली. ओरखडा एका टोकाला आणि बिघाड दुसऱ्या टोकाला असताना हा नकार कोणत्या न्यायाने दिला, हे मला समजावून सांगा.

सोल्डर (भुसावळ)

दादा, घोणशीचा मुद्दा मी नाकारत नाही, पण गोंदाविषयी तुम्ही अर्धेच सांगितले. अनेक टॉर्चमध्ये डोक्याची रिंगच काच, रिफ्लेक्टर आणि एमिटरची तांब्याची पट्टी यांना खालच्या बैठकीवर दाबून धरते. ट्रॅक्टरच्या पेटीत आदळून ती रिंग थोडी जरी सैल झाली, तरी पट्टी आणि बैठक यांत हवेची फट पडते. तीन अँपिअरवर एमिटर दहा वॅटच्या आसपास शक्ती घेतो आणि तिचा मोठा भाग उष्णता होतो. ती उष्णता टॉर्चच्या अंगात उतरायला वाट उरली नाही, तर एमिटर निळा पडून जळतो. शेपटी सैल झाली तर टॉर्च फक्त बंद पडतो, त्यामुळे तुमची शेपटीची तुलना इथे लागू पडत नाही.

मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. पिळून तुटलेल्या तारा, एमिटरच्या काचेवर फासलेली थर्मल पेस्ट, उलटा बसवलेला ड्रायव्हर (एमिटरला वीज मोजून देणारे सर्किट) हे सारे माझ्यासमोर ‘आपोआप बंद पडला’ म्हणून येते. तेच टॉर्च आधी दुकानदाराकडे वॉरंटीत बदलून मागितलेले असतात. हा खर्च अखेर टॉर्च न उघडणाऱ्यांच्या माथी बसतो. तुमचा हात सफाईदार असेल, पण कंपनीला सर्वांचे हात धरून हिशेब करावा लागतो.

ग्राहकपंथी (धुळे)

भुसावळच्या भाऊंचा अनुभव खरा मानला तरी त्यातून रावेरच्या स्विचचा नकार योग्य ठरत नाही. फेरफारामुळे बिघाड झाला असे म्हणणाऱ्याने तो संबंध दाखवला पाहिजे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ठरावीक कंपनीचेच सुटे भाग किंवा ठरावीक ठिकाणचीच दुरुस्ती हवी, अशी अट वॉरंटीला घालण्यावर निर्बंध आणले, आणि २०१८ साली तिथल्या व्यापार आयोगाने ‘सील काढले तर वॉरंटी रद्द’ अशा पट्ट्यांवरून कंपन्यांना ताकीद दिली. आपल्याकडे केंद्राने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि नंतर पोर्टलही सुरू केले, मात्र वेगळा कायदा अजून नाही. तरीही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही.

सेलतपासणी (चोपडा)

तुम्ही सगळे डोक्यावरून भांडत आहात आणि खरा धोका नळीत, म्हणजे सेल बसतो तिथे आहे. बाजारात ‘९९०० एमएएच’ क्षमता छापलेले १८६५० मापाचे (टॉर्चमध्ये लागणारे, पुन्हा चार्ज होणारे लिथियम) सेल खुलेआम मिळतात. या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता साडेतीन-चार हजारांच्या आसपास असते, त्यामुळे तो आकडा शुद्ध फसवणूक आहे. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरतो. हे बनावट सेल हातातच हलके लागतात. लोक जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधूनही सेल काढतात आणि फाटलेल्या वेष्टनासकट टॉर्चमध्ये कोंबतात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा असा टॉर्च मोटारसायकलच्या डिकीत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. माझे स्पष्ट मत आहे की डोकेच काय, शेपटीही चिकटवावी आणि यूएसबीने चार्ज होणारा बंद टॉर्चच विकावा.

सातपुडा (धडगाव)

चोपड्याच्या अप्पांनी हे मत डोंगरात येऊन मांडावे. धनत्रयोदशीच्या सुमारास आमच्या सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगराची यात्रा रात्रभर चालते. आमच्या सोबत एकाकडे असाच बंद टॉर्च होता. अर्ध्या चढणीत तो विझला, आणि पुढचा सारा कडा त्याला दुसऱ्याच्या उजेडावर चढावा लागला. माझ्या खिशात जादा सेल होता, तो त्याच्या काहीच उपयोगी पडला नाही. तिथे चार्जिंगला प्लग कुठून आणायचा?

सेलतपासणी (चोपडा)

पॉवर बँक न्यावी. एकाच्या गैरसोयीपेक्षा खिशातल्या किल्ल्यांना टेकून शॉर्ट होणारा सुटा सेल मला अधिक भयंकर वाटतो.

ग्राहकपंथी (धुळे)

अप्पा, जग उलट्या दिशेने चालले आहे. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

सेलतपासणी (चोपडा)

तो नियम पूर्ण वाचा. मुख्यतः पाण्यात किंवा पाण्याच्या माऱ्यात वापरायच्या, धुता येणाऱ्या उपकरणांना त्यात सवलत आहे. तिथे बॅटरी कारागिराने काढली तरी चालते. अर्धा नियम सांगून दुसऱ्याला अडाणी ठरवू नये.

केळीबाग (रावेर)

बनावट सेल विकणाऱ्याला पकडायचे सोडून आमची शेपटी बंद करायला निघालात, याचा मला संताप येतो. रात्री दोन वाजता बागेच्या मध्यावर सेल संपला तर मी तिथे पॉवर बँक जोडून उभा राहू का? दर्जेदार सेल, डबी आणि चांगला चार्जर यांची सवय लावणे हाच त्यावर उपाय आहे.

भुसावळच्या भाऊंच्या दाबाच्या मुद्द्याला मात्र मी उत्तर देणे लागतो. रिंग सैल होऊ नये एवढेच हवे असेल, तर मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) पुरेसा आहे. तो कंपनाला दाद देत नाही आणि साध्या पान्याने सुटतो. कंपन्या वापरतात तो लाल प्रकार अडीचशे अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि शिशाचे सोल्डर एकशे त्र्याऐंशी अंशांवरच वितळते. म्हणजे डोके सुटण्याआधी आतले सांधे निसटणार, हे ठाऊक असूनच तो निवडला जातो. ज्या जळक्या टॉर्चचा दोष तुम्ही उघडणाऱ्यांना देता, त्यातले कितीतरी हा गोंद सोडवायला वापरलेल्या हीट गनने मेलेले असणार.

सोल्डर (भुसावळ)

लाल थ्रेडलॉकरची गरज नाही, एवढे मी मान्य करतो. मलाही त्याचा त्रासच होतो. काच तडकते, रिंगचे अ‍ॅनोडायझिंग (वरचा संरक्षक थर) खरवडते. स्विचच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला हेही खरे. पण एमिटर बदललेल्या टॉर्चचा ड्रायव्हर जळाला, तर तो कंपनीने फुकट द्यावा हे मी कधीही मान्य करणार नाही.

केळीबाग (रावेर)

ते मी मागितलेलेच नाही. डोके उघडले तर एमिटर आणि ड्रायव्हर माझ्या जबाबदारीवर, हे लेखी द्यायला मी तयार आहे. स्विच, शेपटी आणि नळी यांची वॉरंटी मात्र शाबूत राहिली पाहिजे.

ग्राहकपंथी (धुळे)

दादा, नकार लेखी आहे का? तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते.

केळीबाग (रावेर)

नकाराचा ईमेल गेल्या पावसाळ्यातला आहे, आणि बिलही जपून ठेवले आहे. केळीची काढणी आटोपली की जळगावच्या आयोगात तक्रार दाखल करतो.