अनुभव धागा: कर्सिव्हमधला एफ हाताला कसा बसला?

चार रेघांच्या वहीत वरचं, मधलं आणि खालचं अशी तिन्ही घरं घेणारं स्मॉल अक्षर एकच, एफ. मधल्या घराच्या तळापासून वर चढायचं, वळसा घ्यायचा, सरळ शेवटच्या रेघेपर्यंत उतरायचं आणि तिथून उजवीकडे वळून दांडीशी गाठ मारायची. जी, जे, वाय यांच्या शेपट्या डावीकडे जातात, म्हणून मुलांचा हात इथेही डावीकडेच ओढला जातो. तुम्हाला हे अक्षर कुणी, कसं शिकवलं? दुसरं एखादं अडलं असेल तर तेही लिहा. मोडी ही जुनी मराठी लिपीही हात कमी उचलत लिहायची, म्हणून ती शिकणाऱ्यांनी तर आवर्जून लिहा.

निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा
२००० सालापर्यंत आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. तोवर मुलांचा हात देवनागरीवर पक्का झालेला. देवनागरी अक्षर रेघेला खाली लटकतं, इंग्रजी अक्षर रेघेवर उभं राहतं. हे आधी फळ्यावर दाखवल्याशिवाय मी पुढे जात नसे.

एफ मी कधीच एकटा शिकवला नाही. आधी एल, म्हणजे वरचा फुगा बसतो. मग क्यू, कारण त्याचीही शेपटी उजवीकडे वळते. दोन्ही जमले की एफ निम्मा आलेलाच असतो. खरी परीक्षा शब्दात. 'इफ' लिहिताना आयचा शेवट तळाशी होतो, तिथून एफ वर चढतो. 'ऑफ'मध्ये ओ वरच संपतो, तिथून तळाला न उतरता थेट एफचा वळसा घ्यायचा. बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही चारही अक्षरं अशी वर संपतात. ती फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेली असायची, कुणालाही पुसू दिली नाहीत. 'ऑफिस'मध्ये दोन एफ शेजारी येतात. दोघांचा कल सारखा पडला की त्या मुलाचा हात बसला असं मी धरायची, आणि वहीवर तसं लिहायचीही. पाचवीतल्या मुलाला तेवढं पुरतं.

पालक, सॅन होजे
कॅलिफोर्नियात २०२३ साली कायदा झाला आणि २०२४ पासून पहिली ते सहावीच्या अभ्यासक्रमात कर्सिव्ह आलं. फार चांगलं झालं, असं मला मनापासून वाटतं. आजीची इंग्रजी पत्रं लेकीला वाचता येत नव्हती, आता ती अडखळत का होईना वाचते. तिला छळतो तो आर. त्याचा खांदा नीट पडला नाही की आय वाटतो, आणि ओनंतर आला की पारच बिघडतो. बाईंचं वाचून कारण आत्ता कळलं! इथल्या कागदावर मधली रेघ तुटक असते. आजीने पुण्याहून चार रेघांची वही पाठवली, त्यात तिचं अक्षर लगेच आटोक्यात आलं.

डावखुरा, नाशिक
सहावीत एका सरांनी वही उजवीकडे तिरकी ठेवायला सांगितली. शाई फासायची थांबली. त्याआधी सगळे हात बदलायला सांगायचे.

मोडी विद्यार्थी, पुणे
पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकलो. तिथे पहिली गोष्ट म्हणजे शिरोरेघ. देवनागरीत ती आपण शेवटी देतो. मोडीत कागदभर आधी ओढायची आणि मग अक्षरं तिच्याखाली, हात शक्य तितका कमी उचलत. इकाराला ह्रस्व-दीर्घ नाही, जुन्या कागदात शब्दांमध्ये जागाही नाही. सुटं अक्षर ओळखता येतं, पण काना किंवा जोडाक्षर लागलं की काहींचं रूप बदलतं. र पाठ झाला म्हणून लगेच ओळीतला र सापडतोच असं नाही. माझा उपाय एकच: बाराखडी सुटी न गिरवता पेशवेकालीन पत्रातली अख्खी ओळ गिरवायची. तारखेआधीचा 'छ', म्हणजे चंद्र, असाच डोळ्यांत बसला. आता पान हातात आलं की आधी तोच शोधतो, कारण तारीख लागली की पुढचा मजकूर लावायला धीर येतो.

पालक, सॅन होजे
बाई, एक विचारायचं होतं. 'ऑफिस'च्या दोन एफमध्ये पेन उचललं तर चालेल का?

निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा
नको. पहिल्याची गाठ मारली की तिथूनच दुसऱ्यासाठी वर चढायचं. शब्द पूर्ण झाल्यावर पेन उचलू दे, आणि आयवरचं टिंब तेव्हाच देऊ दे. आरसाठी आधी 'ओआर' ही जोडीच गिरवून घ्या, सुटा आर नंतर.