मदत हवी आहे: काचेला चिकटलेला नंदीध्वजाचा जुना फोटो, सोलापूर

पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांचा पारंपरिक अंगरखा) माणसं, मागे नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवणुकीने नेली जाणारी उंच, सजवलेली काठी. म्हणजे सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा, यात शंका नाही. सातांपैकी कितवा ध्वज हे कळलं, तर मानकऱ्यांचं घराणं शोधता येईल. बाळीवेस, कसबा भागातल्या जाणत्या मंडळींनी कृपया सांगावं: नुसत्या सजावटीवरून ध्वजाचा क्रमांक ओळखता येतो का?

कडांना निळसर, चांदीसारखी झाक आहे, म्हणजे प्रिंट सिल्व्हर जिलेटिनची (कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या कणांनी चित्र उमटलेली जुनी कृष्णधवल प्रिंट). दमटपणाने जिलेटिन मऊ होऊन चेहऱ्यांजवळ काचेला चिकटलंय. ओढलं तर थर काचेवरच राहील, हेअर ड्रायरने आणखी पक्कं बसेल. म्हणून काच काढलेली नाही. काचेसकट ६०० डीपीआयला स्कॅन केलाय. शिवाय दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून, कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरून एक फोटो घेतलाय, त्यात काचेची चमक येत नाही.

खालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे. टॉर्च अगदी आडवा धरल्यावर फक्त ‘सोलापूर’ वाचता येतं. असा शिक्का कुणाच्या घरच्या फोटोवर पूर्ण असेल, तर त्याचा फोटो टाका, पुठ्ठ्याच्या मागची बाजूही. आणि काच सुरक्षित सोडवणारा, जुन्या फोटोंची दुरुस्ती-जतन करणारा अनुभवी संवर्धक सोलापूर-पुण्यात कुणाला माहीत आहे का?