वेड्या गाईचा आजार: जंतू नाही, बिघडलेलं प्रथिन

दादा, तुम्ही लिहिलंत की वेड्या गाईचा आजार विषाणूमुळे होतो. तसं असेल, तर त्यावर लस का नाही? कारण तिथे जंतूच नाही. हा आजार प्रिऑनमुळे होतो, म्हणजे घडी (आकार) बिघडलेल्या प्रथिनामुळे. हे प्रथिन जनावराच्या मेंदूत मुळातच असतं. त्याची घडी चुकते आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच चुकीची घडी घालायला लावतं. विरजणाच्या थेंबाने सगळ्या दुधाचं दही व्हावं, तसं. शरीराला ते परकं वाटत नाही, म्हणून ताप नाही, सूज नाही. चार-पाच वर्षं गाय धडधाकट दिसते. मग मेंदूला स्पंजासारखी भोकं पडून ती लडखडते, बिचकते आणि मरते.

ब्रिटनमध्ये 1986 साली हा आजार ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खुराकात घातल्यामुळे तो पसरला. साध्या उकळण्याने प्रिऑन नष्ट होत नाही. 1 लाख 80 हजारांहून जास्त गाई बाधित निघाल्या. गवत खाणाऱ्या जिवाला त्याच्याच जातीचं मांस चारलं, हे मला आजही सहन होत नाही.

आपल्या मराठवाड्यातली देवणी गाय कडबा आणि सरकीची पेंड खाते, त्यामुळे ही वाट इथे नाही. पण एक कळकळीने सांगते: इथे गाय लडखडली, लाळ गाळू लागली, तर आधी पिसाळलेलं कुत्रं चावल्याची शंका घ्या. तोंडात हात घालू नका. डॉक्टरांना बोलवा.