पंचाहत्तरीनंतर हृदयाच्या गोळ्या बंद?

आसावरी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की पंचाहत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला अटॅक आलेला नसेल तर हृदयाच्या सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, 'शरीराला विश्रांती मिळते'. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. सगळ्या म्हणजे कोणत्या? नाडी मंद ठेवणारं मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर नाडी उसळते, छातीत दुखू शकतं. ते आठवडा-दोन आठवडे डोस कमी करत थांबवतात. स्टेंट असलेल्याने गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल मनाने सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि मधुमेहात छातीत न दुखताही अटॅक येऊन जातो. तुमच्या 'आलेला नाही'ला आधार काय?

सरळरेषा: ताई, अ‍ॅस्पिरिन सोयीस्कर गाळलंत. २०१८ चा असेंड अभ्यास बघा. हृदयविकार नसलेले १५,४८० मधुमेही. अ‍ॅस्पिरिनने अटॅक, पक्षाघात वगैरे ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. माझ्या वडिलांना शौचाला काळं व्हायला लागलं, म्हणजे पोटात रक्तस्राव, चेहरा पांढराफटक, तरी अ‍ॅस्पिरिन चालूच. साखरेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, किडनीचे वेगळे. प्रत्येकाने एक गोळी वाढवली, काढली कुणीच नाही.

आसावरी: अटॅक, स्टेंट काही नसेल तर सत्तरीनंतर अ‍ॅस्पिरिन नको, मान्य. पण स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, त्याच पिशवीत टाकू नका. फ्रान्समध्ये हृदयविकार नसलेल्या, पंचाहत्तरीच्या १,२०,१७३ लोकांची माहिती तपासली होती. स्टॅटिन थांबवलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या त्रासाने दवाखान्यात भरती व्हायचा धोका ३३ टक्के जास्त दिसला.

निशिगंध: ती नुसती निरीक्षणं. खंगलेल्या माणसाचीच गोळी आधी बंद होते, मग तोच भरती होतो. माझ्या आईच्या पोटऱ्या इतक्या दुखायच्या की ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उभी राहायची. स्टॅटिन थांबवलं आणि चालायला लागली. वर त्याने साखरही वाढते. आणखी काय पुरावा हवा?

कडुलिंब: साखर वाढते, पण थोडी. पायांचं म्हणाल तर सॅमसन चाचणी वाचा. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. स्टॅटिनवर झालेल्या त्रासातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला.

निशिगंध: म्हणजे माझी आई खोटं बोलते?

कडुलिंब: खोटं कोण म्हणालं? दुखणं खरं, कारण वेगळं असू शकतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

निशिगंध: ८२ वर्षांच्या बाईला 'तुझं दुखणं गोळीचं नाही' हे समजावायला तुम्ही या. रात्री पाय चेपत मी बसते, तुमचे साठ जण नाहीत. त्या साठांत ऐंशीच्या पुढचे होते तरी किती?

सरळरेषा: कडुलिंब, जरा माणसासारखं बोला. आयुष्य वर्षभराच्या आत उरलंय अशा ३८१ रुग्णांवर २०१५ साली चाचणी प्रसिद्ध झाली होती. स्टॅटिन थांबवलेल्यांना उलट बरं वाटलं.

आसावरी: ते शेवटच्या टप्प्यातले रुग्ण. निशिगंधच्या आई जिने चढताहेत!

मोरपीस: तुम्ही स्टॅटिनवरून एकमेकांचे गळे धरा. माझे सासरे बीपीच्या तीन गोळ्या खाऊन पहाटे बाथरूमला उठले आणि पडले, खुबा मोडला. बसून १३२, उभं केल्यावर ९८. मधुमेहाने नसा गेल्या की उभं राहताना रक्तदाब सावरत नाही. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने उभं करून मोजलं नव्हतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तर गोळ्यांचा फेरविचार व्हायलाच हवा. एक गोळी कमी केली, चक्कर थांबली.

आसावरी: हे बरोबर. पण मोजून, एकेक करून कमी केलंत ना? सगळ्या कचऱ्यात नाही टाकल्या.

मोरपीस: खुबा मोडल्यावर मोजलं, ताई.

कडुलिंब: निशिगंध, आईंची थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासलंय का? दोन्हींनी स्नायू दुखतात. दुसरं स्टॅटिन कमी डोसमध्येही देऊन बघतात.

निशिगंध: थायरॉइड झालंय, ड राहिलंय. करून घेते, डोसचंही विचारते. पण पाय पुन्हा दुखले तर गोळी बंद. तेव्हा ९० टक्के सांगायला इथे कुणी येऊ नका.