अनुभव धागा: कंपनीचा कार्यक्रम इव्हेंटवाल्यांकडे सोपवला, पुढे काय झालं?

आमच्याकडे ॲन्युअल डे जवळ आला की ऑफिसात दोन तट पडतात. एक म्हणतो, आपलीच पोरं करतील, पैसे कशाला उधळायचे? दुसरा म्हणतो, मागच्या वर्षी याच पोरांनी कार्यक्रम उभा केला आणि त्यांनाच तो बघायला मिळाला नाही. यंदा दुसऱ्या तटाची सरशी झाली आणि एजन्सी निवडायचं काम माझ्या गळ्यात आलं. कोटेशनं आलीत, कार्यक्रम एकच, पण आकडे दुपटी-तिपटीने वेगळे. ज्यांनी असं काम बाहेर दिलंय किंवा घेतलंय त्यांनी लिहा. काय सोपवलं, काय हातात ठेवलं, बिल कसं आलं? एजन्सीची नावं मात्र नकोत.

एचआरवाली, हिंजवडी
स्टेज, साउंड, लाइट, अँकर, खेळ बिनधास्त बाहेर द्या. माणसं देऊ नका. आमचे कोणते साहेब माइक हातात आला की सोडत नाहीत, हे एजन्सीला कुठून कळणार? बक्षिसांची यादीही शेवटच्या संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच असते. एकदा अँकरने जोरदार प्रस्तावना करून अशा माणसाला पुकारलं, जो आदल्या आठवड्यातच राजीनामा देऊन गेला होता. टाळ्या झाल्या, कोणी उठेना, आणि मागे एलईडी वॉलवर त्याचा हसरा फोटो तसाच. शेवटी त्याच्या मॅनेजरने जाऊन ट्रॉफी घेतली.

अजून एक. ऑफसाइट लोणावळ्याला असली तरी २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ती कामाचीच जागा धरली जाते, कंपनीने केलेली बससुद्धा. त्यामुळे रात्री मुली घरी पोचल्या का, ही यादी मी एजन्सीच्या मुलाच्या हातात देत नाही.

प्लांट ॲडमिन, चाकण
आयटीवाल्यांचं ठीक आहे हो, आमच्याकडे फॅमिली डे म्हणजे जत्रा. पहिल्या एजन्सीने 'हवाईयन थीम' आणली होती. आमच्या माणसाबरोबर नऊवारीतली आई येते, तिच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांची माळ घालायला दोन पोरी दारात उभ्या! शिवाय कार्यक्रम संध्याकाळी सहाला. सेकंड शिफ्टने काय करायचं? तीन शिफ्टचं गणित आम्ही कागदावर काढून दिलं, तेव्हा कुठे दिवसभराचा कार्यक्रम ठरला.

पण त्याच लोकांची एक गोष्ट मला फार आवडली. गेटवर प्रत्येक पोराच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली, त्यावर बापाचा मोबाइल नंबर. दुपारी दोन-तीन पोरं हरवली, तर पाच मिनिटांत बाप हजर. हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. जेवणाला किती डोकी येणार, हे आकडे मात्र स्वतः द्या. 'एका कामगारामागे चार' हा त्यांचा हिशेब मेव्हणा धरत नाही.

अकाउंट्स, ठाणे
कोटेशन वेगळी दिसतात कारण प्रत्येकाने वेगळं काही धरलेलं असतं. एकात जनरेटर आहे, दुसऱ्यात 'ॲट ॲक्च्युअल्स', म्हणजे जितका खर्च होईल तितकं नंतर बिल. सगळ्यांना एकच तक्ता भरायला द्या आणि एजन्सी फी वेगळ्या ओळीत मागा. नाहीतर ती खुर्चीच्या भाड्यात आणि फुलांत मिसळलेली असते. वर १८ टक्के जीएसटी आहेच. आणि केटरिंगवरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट) सहसा मिळत नाही, कायद्यातच अडवलंय, त्यामुळे तो सरळ खर्चात धरा. आमच्या साहेबांना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

इव्हेंटवाला, अंधेरी
मी दुसऱ्या बाजूचा. बजेट विचारलं की उत्तर येतं, "तुम्हीच सांगा." मग आम्ही रात्र जागून स्टेजचं थ्रीडी डिझाइन करतो, आणि तेच डिझाइन स्वस्तातल्या माणसाकडून उभं केलेलं फोटोत बघतो. पिचचे, म्हणजे काम मिळण्याआधी दाखवलेल्या कल्पनेचे, पैसे कोणी देत नाही.

बँक्वेट हॉल आम्हाला बहुधा आदल्या रात्रीचं रिसेप्शन उठल्यावर मिळतो. मध्यरात्री ट्रस (लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा) चढतो, पहाटे एलईडी लागते, सकाळी टेक-रन, म्हणजे साउंड-लाइटची तालीम. आणि नेमकं तेव्हा क्लायंटकडून सीईओंचं प्रेझेंटेशन येतं, चौकोनी स्लाइडचं; आमची वॉल आडवी लांबलचक. रनडाउन (कशानंतर काय, याची मिनिटवार यादी) ठरल्यावर बदल सांगणारा माणूस एकच ठेवा. पाचजण कन्सोलपाशी येऊन पाच सूचना देतात आणि शो-कॉलर, म्हणजे लाइट-साउंडवाल्यांना इशारे देणारा, डोक्याला हात लावतो.

पोलिसांची परवानगी, संगीताचं लायसन्स, दारू असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना: यातलं कोण काय काढणार हे पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) लिहा. आणि पैसे वेळेवर द्या हो. एमएसएमई कायद्यात आमच्यासारख्या लहान पुरवठादारासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, लेखी करार नसेल तर १५. 'साहेब टूरवर आहेत' ही मुदत कायद्यात नाही.

हॉटेलवाला, पणजी
डीलर मीटला बाहेरून एजन्सी येते, तिच्या कागदावर लॉनवर रात्री एकपर्यंत डीजे असतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत, उघड्यावर दहाला आवाज बंद. त्यानंतर बंद हॉलमध्ये या, नाहीतर कानाला हेडफोन लावून नाचा. आणि बुकिंगआधी विचारा: बाहेरचा डेकोरेटर चालतो का? बऱ्याच हॉटेलांचे ठरलेले व्हेंडर असतात, दुसरा आणला तर हॉटेलला रॉयल्टी, म्हणजे वेगळा आकार, द्यावी लागते. ती तुमच्या कोटेशनमध्ये कुणीच धरलेली नसते.

छोटी कंपनी, नाशिक
आम्ही चाळीसजण. सगळं घरीच. मिसळ, अंताक्षरी, संपलं.

पर्चेसवाला, नागपूर
मार्च २०२० मध्ये आमची डीलर कॉन्फरन्स ठरली होती. ॲडव्हान्स गेलेला, आणि लॉकडाऊन लागला. हॉटेलने पुढची तारीख घ्या म्हणून पत्र दिलं. एजन्सीच्या करारात रद्द झाल्यास काय ते होतं, पुढे ढकलल्यास काय याबद्दल अक्षर नव्हतं. डिझाइनचं काम झालंय म्हणून त्यांनी अर्धा ॲडव्हान्स ठेवला, आमचे साहेब एक रुपया सोडायला तयार नव्हते, आणि मेलामेलीत वर्ष गेलं. आता आम्ही ॲडव्हान्सचे टप्पे पाडतो: डिझाइन मंजूर झाल्यावर इतके, व्हेंडर बुक झाल्यावर इतके, बाकी कार्यक्रमानंतर. धागाकर्त्याला हवा असेल तर त्या कलमाचा मसुदा इथेच टाकतो, फक्त आमच्या लीगलवाल्यांना एकदा विचारू द्या.