आर्किकॅडमध्ये नकाशांच्या रिव्हिजनची (सुधारित आवृत्त्यांची) नोंद आणि मॉडेलचे जतन कसे करावे?

प्रश्न – आर्किटेक्ट, दारव्हा (जि. यवतमाळ)

नमस्कार. सध्या आमच्याकडे एका गावातील शाळेच्या वर्गखोल्यांचे काम सुरू आहे. काळ्या जमिनीत मुरूम अपेक्षेपेक्षा खोल लागल्याने फूटिंगची (पायाची) खोली दीड मीटरवरून दोन मीटर करावी लागली आणि पाठोपाठ प्लिंथची (जोत्याची) पातळीही बदलली. सुधारित नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तरीही मिस्त्री जुन्या छापील प्रतीवरूनच आखणी करत होते, कारण दोन्ही कागद वरवर पाहता सारखेच दिसत होते. आम्ही फाइलच्या नावापुढे तारीख लिहून प्रती ठेवतो. कोणता नकाशा कोणाला केव्हा दिला, याची नोंद आर्किकॅड या मॉडेल व नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच ठेवता येईल का? तसेच पुढेमागे वर मजला चढवायचा झाल्यास आजचे मॉडेल उघडेल, अशी काय व्यवस्था करावी?

उत्तर १ – बिम आरेखक, हिंगणघाट

सर, फाइलच्या नावातील तारीख कार्यालयात उपयोगी पडते, पण मिस्त्रींच्या हातातील कागदावर ती उमटत नाही. आर्किकॅड १८ पासून, म्हणजे २०१४ पासून, याकरिता चेंज मॅनेजर (बदलांची यादी ठेवण्याची सोय) दिलेला आहे. ‘फूटिंग खोली २.० मी.’ असा एक चेंज तयार करावा आणि त्याचे चिन्ह फूटिंगच्या प्लॅनवर व सेक्शनवर (उभ्या छेदावर) ठेवावे. ते व्ह्यू (प्लॅन, सेक्शन) ज्या लेआउटवर (छपाईच्या पानावर) असतील, त्यांच्या रिव्हिजन हिस्ट्रीमध्ये तो बदल येतो. मास्टर लेआउटच्या (सर्व पानांच्या नमुन्याच्या) टायटल ब्लॉकमध्ये (माहितीच्या चौकटीत) रिव्हिजन क्रमांकाचा ऑटोटेक्स्ट (आपोआप भरला जाणारा मजकूर) आणि इश्यू हिस्ट्रीचा तक्ता एकदा बसवला, की प्रत्येक छापील प्रतीवर ते आपोआप येतात.

खरे महत्त्व आहे ते इश्यूला, म्हणजे नकाशे बाहेर दिल्याच्या नोंदीला. इश्यू तयार करून बंद केला, की त्यातील लेआउटचे ते रिव्हिजन गोठते आणि पुढचा बदल नव्या रिव्हिजनमध्येच जातो. त्यामुळे इश्यू बंद केल्याशिवाय एकही प्रत साइटवर जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रेव्हिट या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही रिव्हिजनपुढील ‘इश्यूड’ची खूण केली, की त्याचे क्लाउड (बदलाभोवती काढलेल्या ढगासारख्या खुणा) बदलता येत नाहीत; विचार तोच आहे.

उत्तर २ – स्थापत्य अभियंता, वणी

जतनाविषयी लिहिते. पीएलएन ही आर्किकॅडची नेहमीची फाइल बाहेरच्या लायब्ररीवर (दारेखिडक्यांसारख्या तयार घटकांच्या संग्रहावर) अवलंबून असते. दुसऱ्या संगणकावर तीच लायब्ररी नसेल, तर दारेखिडक्यांच्या जागी नुसते ठिपके दिसतात. पीएलए या आर्काइव्ह फाइलमध्ये वापरलेले लायब्ररी पार्टही साठवले जातात, म्हणून प्रत्येक मोठ्या इश्यूनंतर आणि काम पूर्ण झाल्यावर पीएलए काढावी. तिच्यासोबत इश्यू केलेल्या सर्व नकाशांच्या पीडीएफ ठेवाव्यात; दीर्घकाळ जतनासाठी पीडीएफ/ए हे स्वरूप आहे, त्यात फॉन्टही फाइलमध्येच राहतात. आयएफसी (मॉडेलच्या देवाणघेवाणीचे खुले स्वरूप) हीही फाइल जरूर काढावी, कारण ती एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेली नसते. परंतु तिच्यात भूमिती आणि घटकांची माहिती येते, मांडलेले लेआउट येत नाहीत, म्हणून केवळ आयएफसीवर विसंबू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे, ताई. साइटवर इंटरनेट धड चालत नाही. जुन्या छापील प्रतींचे काय करावे?

उत्तर १ – बिम आरेखक, हिंगणघाट

नवी प्रत हातोहात द्यावी, जुनी त्याच वेळी परत घ्यावी आणि रजिस्टरमध्ये रिव्हिजन क्रमांकापुढे मिस्त्रींची सही घ्यावी. परत आलेल्या प्रतीवर ‘रद्द’ असा ठळक शिक्का मारून ती फाइलला लावावी. फाडून टाकू नये, कारण खोदकामाचे मोजमाप तपासताना कोणत्या नकाशावर किती काम झाले हे तिच्यावरूनच ठरते.